भिंगीची अर्धी डबी

फार पूर्वी, तळाचं गार पाणी वर आलं की समुद्राला हिरवा बहर यायचा, तेव्हाची ही गोष्ट.

भिंगी त्या बहरातला एक हिरवा कण होती, सुईच्या टोकाहून लहान. ती काचेच्या डबीत राहायची. त्यांच्यात रीतच होती, की एकीच्या दोघी झाल्या की एकीने झाकण घ्यायचं, दुसरीने बूड. आणि उरलेला भाग पाण्यात विरघळलेल्या काचेतून जिचा तिने घडवायचा.

"पाण्यातली काच संपत आलीय, पोरींनो. आता थांबा," असं म्हणून त्यांच्यातली म्हातारी आत्या आपली डबी घट्ट मिटून तळाकडे निघाली.

"अगं आत्या, अख्खा समुद्र हिरवा केलाय आपण. आता कसलं थांबतेस?" भिंगी हसली, आणि त्याच दुपारी तिच्या दोघी झाल्या.

बहिणीच्या वाट्याला झाकण आलं, भिंगीच्या वाट्याला बूड. झाकण घडवायला तिने पाणी ओढलं, पुन्हा ओढलं. पाण्यात काचच नव्हती. हादरून तिने आजूबाजूला पाहिलं. जिकडेतिकडे अर्ध्या, उघड्या डब्या तरंगत होत्या, आणि जवळा, ती इवली कोळंबी, त्यांच्यावर तुटून पडला होता.

"तुझं झाकण आण," ती बहिणीला म्हणाली. "माझ्या बुडावर बसव. डबी पुरी होईल."



"होईल की," बहीण म्हणाली. "पण आत कोण राहणार?"