बावखारच्या बांधातली छत्री

फार वर्षांपूर्वी, म्हणजे बावखारच्या देवळापुढचा बकुळ माणसाच्या गुडघ्याएवढा होता तेव्हा, आमच्या गावात पास्कू नावाचा एक माणूस राहत होता. ईस्टरच्या, म्हणजे पास्काच्या, सणाला जन्मला म्हणून पास्कू. जन्मला तेव्हा तो रडला नाही, हसला, असं म्हणतात. मी काही तिथे नव्हतो. पण जो माणूस पुढे आयुष्यभर चिखलात उभा राहून हसत होता, तो जन्मतानाही हसला असेल यावर माझा विश्वास आहे.

आधी बावखार कसं आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि दोघींच्या मधे मातीचा लांबलचक बांध. बांध आहे म्हणून शेती आहे. तो फुटला की भरतीचं पाणी आत शिरतं, आणि एकदा खारं पाणी प्यायलेली जमीन कित्येक वर्षं भाताचा दाणा देत नाही. बांध असा फुटला की आमच्याकडे म्हणतात, खांड पडली. लहान मुलांना वाघाची भीती घालतात तशी आमच्याकडे मोठ्या माणसांना खांडीची भीती.

बांधाची राखण करायला गाव एक मुकादम नेमायचं. मोठ्या मानाची जागा होती ती. पास्कूच्या आधी तिथे बस्त्याव होता. बस्त्यावकडे एक थोरली काळी छत्री होती, पितळी मुठीची. सगळ्या गावात तेवढी एकच. काम निघालं की बस्त्याव बांधावर स्टूल मांडून छत्रीखाली बसायचा आणि लोक माती वाहायचे. माती कुठे टाकायची ते तो छत्री मिटून तिच्या टोकाने दाखवायचा आणि पुन्हा उघडून बसायचा. माणूस वाईट नव्हता हो. मुकादम म्हणजे असाच असतो, असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. पुढे त्याचे गुडघे धरले, चालवेना, तेव्हा गावाने पास्कूला मुकादम केलं. जागा बस्त्यावने सोडली. छत्री मात्र सोडली नाही.

पहिल्याच दिवशी पास्कू बांधावरून खाली उतरला आणि जिथे चिखल कमरेपर्यंत येतो तिथे जाऊन उभा राहिला. तिथूनच मातीचे गोळे कापून वर द्यायचे असतात. सगळ्यात घाणेरडं काम ते. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बस्त्याव स्टुलावरून ओरडला, "पास्कू, मुकादमानं वर उभं राहायचं असतं! गावाची लाज काढतोस काय?"

पास्कू खालून म्हणाला, "बस्त्यावकाका, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तवा तो खालीच बसला होता. वर बसून कुणाचे पाय धुता येत नाय."

बस्त्यावने छत्री उघडली आणि दुसरीकडे तोंड केलं.

आमच्या बांधाचा खरा वैरी खेकडा. तो बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता भोक होतं आणि भोकाची खांड होते. उभ्या माणसाला ते बीळ दिसत नाही. म्हणून ओहोटी लागली की पास्कू गुडघ्यांवर रांगत सगळा बांध तपासायचा. बीळ दिसलं की चिखलाचा गोळा त्यात कोंबायचा, वरून मूठ मारायची, आणि "हे आमच्या स्वर्गातील बापा" पूर्ण म्हणायचं. मग पुढचं बीळ. एका बिळाला एक प्रार्थना, असा त्याचा हिशेब. कुणी हसलं तर तोही हसायचा आणि म्हणायचा, "गुडघे टेकलेच हायत, तर दोन शब्द बोलून घेतो."

त्याने प्रार्थना म्हणून बुजवलेलं बीळ खेकड्यांनी पुन्हा कधी उकरलं नाही, असं म्हणतात. खेकडे शेजारी नवं करायचे, ते वेगळं.

पण गावातल्या थोरांना हे पटेना. पास्कू मिस्सेला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, उशिरा यायचा आणि आला तरी त्याच्या अंगाला खाडीचा वास. त्यात दोनदा तर त्याने कमालच केली. मिस्सा चालू असताना दारातून ओरडला, "खांड पडते, चला!" लोक सणाच्या कपड्यांत धावत गेले, आणि जाऊन बघतात तर पास्कूच्या बायकोने, आंजेलने, भोक तोवर बुजवून टाकलेलं. नवे कोट चिखलात भरले. झालं, लोक तापले. ईस्टर झाला की सभा घ्यायची आणि दुसरा मुकादम नेमायचा, असं ठरलं. तोही कसा, तर बस्त्यावसारखा, वर बसणारा.

पास्कूच्या कानावर हे आलं तेव्हा पहिल्यांदाच त्याचं हसू मावळलं. चुलीपाशी बसून तो आंजेलला म्हणाला, "मान गेला तर जाऊ दे गो. पर नवा मुकादम गुडघ्यांवर बसंल का?" आंजेलने त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला. ती बोलण्यापेक्षा वाढण्यावर विश्वास ठेवणारी बाई होती.

मग आला ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार. ईस्टर नेहमी पुनवेला धरून येतो, आणि पुनव म्हणजे उधाणाची भरती. म्हणजे देवळात सगळ्यात मोठे दिवस असतात तेव्हाच खाडीलाही जोर चढलेला असतो. त्या काळी गुरुवारची मिस्सा सकाळी होई. मिस्सेत गौरवगीताला घंटा वाजायची आणि मग तिचा दोर वर बांधून टाकायचे, तो थेट ईस्टरपर्यंत. मिस्सा संपली की गावातल्या बारा पुरुषांना वेदीपुढे खुर्च्यांवर बसवून फादर त्यांचे पाय धूत, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. बारांत मुकादमाची खुर्ची ठरलेली.

आता आमच्या लोकांची गंमत ऐका. फादरांपुढे मळके पाय कसे न्यायचे, म्हणून हे बारा जण पहाटेपासून घरी पाय घासत बसायचे. काथ्याने घासायचे, राखेने घासायचे, वरून खोबरेल चोळायचे. बस्त्यावचे पाय तर असे चकाकायचे की त्यात मेणबत्ती दिसायची. फादर बिचारे धुतलेलेच पाय धुवायचे, आणि परातीतलं पाणी होतं तसं नितळ राहायचं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, आणि यात काही चुकतंय असं कुणाच्याही मनात आलं नाही.

त्या गुरुवारी पास्कू आणि आंजेल पहाटेच बांधावर गेले. भरती चढत होती. आणि पास्कूला दिसलं, एक बीळ आरपार झालंय. त्याने गोळा कोंबला, पाण्याने बाहेर फेकला. पेंढा कोंबला, तोही गेला. शेवटी तो भोकाला पाठ लावून बसला तेव्हा कुठे पाणी थांबलं. पण भरती पुरी व्हायला अजून वेळ होता, आणि दोघांच्या हाताने हे निभणार नाही हे दोघांनाही कळलं होतं.

"अवो, उठा," आंजेल म्हणाली. "तुमी जा देवळात. मी बसते. माझी पाठ तुमच्यापरीस रुंद हाय."

"पाणी वाढलं तर?"

"मग लवकर या."

आणि ती भोकात पाठ देऊन बसली. पास्कू धावत सुटला. इतक्या वेगाने धावला की त्याच्या अंगावरचा चिखल वाळायलासुद्धा सवड मिळाली नाही, असं म्हणतात.

देवळाच्या दारात लोकांनी त्याला अडवलं. "बांध जातोय! आंजेल भोकात बसलीय!" तो ओरडला. पण लोकांना आपले नवे कोट आठवले. "पुन्हा तेच!" एक जण म्हणाला. बस्त्याव तर खुर्चीवरून उठून आला. "आधी विहिरीवर जा, पाय धू, मग आत ये. देऊळ हाय हे."

पास्कूचे डोळे भरून आले. कधी नव्हे तो चिडला होता. पण त्याने भांडण केलं नाही. लोकांच्या हाताखालून वाकून तो आत शिरला, वेदीपुढे गेला आणि आपल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याच्या मागे पांढऱ्या फरशीवर चिखलाची पावलं उमटली. म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

फादर लुद्रिक तेव्हा वयाने थकलेले होते आणि कानाने जरा कमी होते. दारातला गोंधळ त्यांना ऐकूच आला नव्हता. एकेकाचे चकचकीत पाय धूत ते पास्कूपाशी आले, गुडघ्यांवर बसले आणि बघतच राहिले. त्यांनी पाणी ओतलं. परात काळी झाली. पुन्हा ओतलं, आणखी काळी झाली. आणि पास्कूच्या धोतराच्या घोळातून एक जिवंत खेकडा टपकन परातीत पडला आणि नांग्या वर करून फादरांकडे बघायला लागला.

पास्कू खाली वाकून त्यांच्या कानात म्हणाला, "फादर, धुऊ नका. मला याच चिखलात परत जायचंय. या खेकड्याच्या बिळात माझी बायको बसलीय."

फादर लुद्रिकांनी एकदा खेकड्याकडे पाहिलं, एकदा उरलेल्या अकरा जोडी चकचकीत पायांकडे पाहिलं, आणि भर पवित्र गुरुवारी, वेदीपुढे, ते मोठ्याने हसले. मग उभे राहून म्हणाले, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी खरे पाय धुतले. चला, बाकीचे अकरा मळवून आणू!" त्यांनी झगा कमरेला खोचला, परात उचलली आणि निघाले. फादरच निघाल्यावर मागे कोण राहणार?

वाडीवस्तीवरच्या लोकांना कळवायचं तर घंटा बांधलेली. आणि तेवढ्यात ती आपोआप वाजली, असं म्हणतात. घंटावाला मरेपर्यंत सांगत होता की मी हात लावला नव्हता. त्याच्या तळव्यांवर दोराचे वळ होते ते कशाचे, हे कुणी विचारलं नाही.

लोक बांधावर पोचले तेव्हा झिरपून साचलेलं पाणी आंजेलच्या गळ्याला लागलं होतं. ती रोजरीची जपमाळ म्हणत होती, आणि मधेमधे खेकड्यांना शिव्याही देत होती. पास्कूने तिला वर काढलं आणि स्वतः तिच्या जागी घुसला. "माती द्या!" तो ओरडला. तेल लावलेले दहा जोडी पाय चिखलात उतरले, अकरावा बस्त्याव तेवढा वर उभा होता. हातोहात गोळे आले, तिवराच्या फांद्या आल्या, पेंढ्या आल्या. पण पास्कू जरा हलला की पाणी सगळं बाहेर फेकायचं. भोक आता माणसाएवढं झालं होतं. पास्कूचे ओठ निळे पडले. तरी तो तिथून हलेना.

तेव्हा बस्त्याव पुढे आला. दुखऱ्या गुडघ्यांनी, सणाच्या कोटासकट, तो बांधावरून घसरत खाली उतरला आणि पास्कूपाशी चिखलात बसला. आयुष्यात पहिल्यांदा बसला. त्याच्या काखेत छत्री होती. "सर थोडा," तो म्हणाला. त्याने मिटलेली छत्री भोकातून खाडीच्या बाजूला घातली, पलीकडे गेल्यावर ती उघडली आणि पितळी मूठ दोन्ही हातांनी आत ओढून धरली. पाण्याच्या जोराने छत्री भोकावर गच्च बसली. पाणी थांबलं.

"आता टाका माती!" दोघे मिळून ओरडले.

त्या दिवशी भरती बांधाच्याही वर हातभर चढली आणि तिथेच उभी राहिली, असं म्हणतात. बायका गाणं म्हणत होत्या, आणि गाणं चालू होतं तोवर पाण्याचा एक थेंब आत पडला नाही. पाण्यात मासे थांबून ऐकत होते, ते लोकांना काचेतून दिसावेत तसे दिसले. शेवटी फादरांनी परातीतलं ते काळं पाणी ताज्या मातीवर ओतलं आणि माती जागच्या जागी दगडासारखी घट्ट झाली. खेकड्याला मात्र त्यांनी खाडीत सोडून दिलं. त्याच्यामुळेच सगळं कळलं ना!

ईस्टर झाल्यावर सभा भरली. पण कुणी काही बोलायच्या आत बस्त्याव उठला. म्हणाला, "मी इतकी वर्षं मुकादम होतो, पर माझा बांध मला त्या गुरुवारी पैल्यांदा दिसला. चिखलात बसल्यावर दिसला." आणि तो खाली बसला. सभा तिथेच संपली, आणि लोक जेवायला गेले.

पास्कू पुढे खूप जगला. तो गेला कसा, हे कुणी नीट सांगत नाही. एका गुरुवारी देवळाच्या फरशीवर दारापासून वेदीपर्यंत चिखलाची पावलं उमटलेली दिसली. आत जाणारी होती, परत येणारी नव्हती. ती पास्कूचीच, असं म्हणतात. फरशी कितीही पुसली तरी पावसाळी हवेत ती पावलं अजून उमटतात. माझ्या आजीला दिसली होती. मला दिसत नाहीत, पण मी पाय जपून टाकतो.

छत्री अजून बांधात आहे. त्या जागेला आम्ही छत्रीची खांड म्हणतो, जरी तिथे खांड पडता पडता राहिली. नवा मुकादम नेमला की गाव त्याच्या हातात एक कोरी छत्री देतं. तो ती डोक्यावर धरत नाही. खाली उतरतो, गुडघे टेकतो आणि ती बांधाच्या पोटात पुरतो. बीळ दिसलं की आमची माणसं अजून आधी मूठ मारतात आणि मग "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणतात, अगदी हातात मोबाईल असला तरी.

आणि पवित्र गुरुवारी बारा जण आधी बांधावर जातात, दिवसाचं काम करतात आणि तसेच चिखलाच्या पायांनी येऊन वेदीपुढे बसतात. सुताराच्या पायाला भुसा असतो, कोळणीच्या पायाला खवले. हो, आता बायकाही बसतात, आंजेलच्या नावाने. परातीतलं पाणी काळं झालं की सगळं देऊळ खूश होतं. आणि चुकून एखादा स्वच्छ पाय पुढे आलाच, तर फादर हातातला तांब्या तसाच धरून त्याला हळूच विचारतात, "काय रे बाबा, आज कामावर गेला नाहीस?"