दाराजवळची पोती

फार पूर्वी डोंगरापलीकडे एक राज्य होतं. तिथला राजा थोर वगैरे नव्हता, बरा होता. पण त्याने एक काम मनापासून केलं. गावोगावच्या शाळेत पोरांना दुपारी पोटभर जेवण मिळावं म्हणून तो दर महिन्याला आपल्याकडचं धान्य फुकट पाठवायचा. तांदूळ, डाळ, कधीमधी गुळाची ढेप. असो, ही गोष्ट राजाची नाही. ते धान्य राखणाऱ्या एका कोठाऱ्याची आहे.

घाटाखालच्या एका गावात शाळेला लागूनच दगडी कोठार होतं आणि कोठारातल्या एका खोलीत हा कोठारी राहायचा. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माणूस इतका सचोटीचा, की राजाच्या तांदळाचा दाणा त्याच्या पायाला चिकटला तरी झटकून पोत्यात टाकायचा. स्वतःचं धान्य तो बाजारातून विकत आणायचा आणि वेगळ्या मडक्यात ठेवायचा.

पूर्वी गाड्या आल्या की गावातले चार बाप्ये मदतीला यायचे. कारण काम तसं होतं. कोठाराला दार एकच. आधी जुनी पोती बाहेर काढायची, नवी आत भिंतीशी लावायची, मग जुनी पुन्हा दाराजवळ रचायची, म्हणजे जुनं आधी संपतं. शिवाय घाट बंद पडला तर असावीत म्हणून सोळा पोती कायम शिल्लक ठेवायची, असा राजाचा नियम होता. हे सगळं एकट्याच्याने होणारं नव्हे. पोतं उचलायला दोन माणसं लागतात, हे पोरालाही कळतं.

पण एकदा मदतीला आलेल्या एका सुताराच्या मुंडाशात चार दाणे अडकलेले कोठाऱ्याला दिसले. ते उडून अडकले होते की ठेवले होते, देव जाणे. कोठाऱ्याने विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांदेखत म्हणाला, "मदतीला हात आला की मुठीत दाणा जातो. उद्यापासून कुणी यायचं नाही."

सुताराचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून कोठाराच्या पायरीवर कुणी पाऊल ठेवलं नाही. गावात लग्न असलं की अक्षत सगळ्यांच्या दारी जायची, कोठार वगळून. एका हिवाळ्यात कोठारी तापाने फणफणून तीन दिवस पडून होता. चौथ्या दिवशी उठला, तोंड धुतलं, दार उघडलं. तो आजारी होता हे गावाला कळलंच नाही. दर सोमवारी शाळेची स्वयंपाकीण आठवड्याचा शिधा न्यायला यायची, तेवढाच काय तो माणसाचा आवाज त्याच्या कानी पडायचा. एरवी तो पोत्यांशीच बोलायचा. पोती काही उलट बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

आणि गाड्या आल्या की? गाडीवाले घाईत. ते दाराशी पोती उतरवायचे नि बैल जुंपायचे. एकटा कोठारी ती कशीबशी ओढून दाराच्या आत रचायचा. जुनी राहायची मागे. मग शिधा द्यायचा तोही दाराजवळच्याच पोत्यातून. शिलकीची सोळा पोती भिंतीशी तशीच उभी राहिली; एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं.

वर्षातून एकदा दरबारचा अंमलदार तपासणीला यायचा. तो काठीने पोतं ठोकायचा आणि आकडा म्हणायचा. सोळा असायला हवीत, सोळा आहेत. "शाबास कोठारी!" म्हणून घोड्यावर बसायचा. ती एक शाबासकी कोठारी वर्षभर पुरवून पुरवून वापरायचा. दुसरं होतं काय त्याच्याजवळ?

एके वर्षी भाद्रपदात घाटात दरड कोसळली. गाड्या पलीकडे अडकल्या. एका सोमवारी शिधा देताना दाराजवळचं शेवटचं पोतं रिकामं झालं, तरी कोठाऱ्याला काळजी वाटली नाही. ह्याच दिवसासाठी तर सोळा पोती राखली होती!

पुढच्या सोमवारी सकाळी त्याने भिंतीजवळच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि भपकन कुबट वास आला. हात घातला तर तांदळाचा गोळाच हाताला लागला, हिरवट काळा. दुसऱ्या पोत्यात सोंडे वळवळत होते. तिसरं सोडलं, चौथं सोडलं. भिंतीची ओल पोत्यांत चढली होती. सोळाच्या सोळा पोती गेली होती, आणि बाहेरून बघावं तर सोळाच होती.

तेवढ्यात स्वयंपाकिणीची हाक आली. "कोठारीबाबा, माप भरा बिगीबिगी. पोरं सकाळधरनं चुलीभवती घुटमळाय लागल्यात."

कोठारी आतल्या अंधारात उभा राहिला. त्याच्या मनात आलं, पाखडून, धुऊन, वर हळद जास्त टाकली तर कुणाला कळणार आहे? पोटं दुखली तर पावसाळी हवेवर जाईल. अंमलदार तर पोतं उघडतच नाही. सांगितलं, तर मात्र सगळं संपलं. बायको गेली, गाव गेलं, राहिलं होतं ते एवढं नाव. तेही गेलं तर ह्या दगडी खोलीत काय घेऊन जगायचं?

त्याने माप भरलं. दाराशी येऊन त्याने विचारलं, "बाई, तुम्ही शिधा निवडून घेता ना?"

"तुमच्याकडचा शिधा?" ती हसली. "त्यो काय निवडायचा? गावात कुणी तुमच्या वाऱ्याला उभं ऱ्हात न्हाई, खरं हाय. पर तुमच्या मापावर डोळं झाकून इस्वास हाय समद्यांचा."

कोठारी खाली बसला. माप त्याने जमिनीवर उपडं केलं. उजेडात ते काळे गोळे आणि सोंडे तिला दिसले.

"सगळी पोती अशीच आहेत," तो म्हणाला. "माझ्यामुळे. मी कुणाला आत येऊ दिलं नाही, आणि एकट्याच्याने मला फिरवता आली नाहीत."

ती एवढंच म्हणाली, "मग आज पोरांस्नी काय घालू?"

कोठाऱ्याने आपलं मडकं आणून तिच्या पाटीत रिकामं केलं. तेवढ्याने एक दिवस निघाला. दुसऱ्या दिवशी तो रिकामं सूप घेऊन गावात निघाला. ज्या गल्लीत तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, तिथल्या प्रत्येक दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "पोरांचं धान्य माझ्या हातून कुजलं. चार मुठी द्या." दर दारी तेच वाक्य. तिसऱ्या दाराला त्याचा आवाज बसला.

सुताराच्या दारात तो सगळ्यात शेवटी गेला. सुतार रंधा मारत होता. त्याने वर पाहिलं. "आमच्या मुठीत दाणा जातो न्हवं? मग आज आमच्याच मुठीकडं आलास?"

"आलो," कोठारी म्हणाला. "तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी."

सुतार आत गेला आणि सूप भरून घेऊन आला. "पोरांसाठी देतोय. तुझ्यासाठी न्हाई," म्हणाला आणि पुन्हा रंधा मारू लागला. कोठाऱ्याला ते लागलं. पण खोटं नव्हतं, म्हणून त्याने गिळलं.

घाट मोकळा व्हायला आणखी नऊ दिवस लागले. नऊ दिवस गावाने आपल्या घासातला घास काढून शाळा जेवू घातली. दहाव्या दिवशी गाड्या आल्या आणि गाड्यांबरोबर तपासणीला अंमलदारही आला. गाव कोठारासमोर जमलं. अंमलदाराने काठीने सोळा पोती ठोकली. "आकडा बरोबर! शाबास कोठारी!"

"साहेब," कोठारी म्हणाला, "आकडा बरोबर आहे, धान्य बरोबर नाही. तोंड सोडून बघा."

अंमलदाराने नाकाला उपरणं लावलं. गुरांच्याही पोटात जाऊ नये म्हणून सगळी पोती गावाबाहेर खड्ड्यात पुरायचा हुकूम त्याने सोडला. मग गावाकडे वळून म्हणाला, "ह्याला काढून टाकतो. नवा कोठारी पाठवतो."

स्वयंपाकीण पुढे झाली. "सरकार, नवा येईल त्योबी आकडाच राखंल. त्यापरास ह्यांनाच ठिवा आणि एक शिक्षा द्या. रोज दुपारी पैला घास ह्यांनी खायचा, पोरांच्या म्होरं बसून. ह्यांच्या तोंडाला बरा लागला, तरच पोरांनी जेवायचं."

"आणि गाडी आली की आम्ही चौघं येणार," मागून सुतार म्हणाला. "पोती फिरवाय. दार उघडं ठेवायचं आन् जाताना आमची मुंडाशी झाडून घ्यायची. आमची ना न्हाई."

अंमलदाराने लिहून घेतलं: शिक्षा, एक वर्ष.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोठारी मान खाली घालून शाळेत गेला. पोरांच्या दोन ओळी समोरासमोर बसल्या होत्या, त्यांच्या टोकाला त्याचा पाट. त्याने पहिला घास घेतला. साठ पोरं हात आवरून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आपल्या तोंडाकडे कुणी असं बघून किती वर्षं झाली, ते त्याला आठवेना. तो घास चावतच राहिला, डोळे भरून आले.

ओळीतली एक पोरगी वैतागली. "सांगा की आजोबा! बरं हाय का न्हाई? भूक लागलीय!"

"बरं आहे," कोठारी म्हणाला. "जेवा, बाळांनो, जेवा."

वर्ष सरलं. अंमलदार आला. त्याने या वेळी पोती उघडून पाहिली, हात घालून पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "तुझी शिक्षा संपली, कोठारी. उद्यापासून तुझं जेवण तुझ्या खोलीत."

कोठाऱ्याने हात जोडले. जन्मात त्याने राजाकडे काही मागितलं नव्हतं. "सरकार," तो म्हणाला, "शिक्षा तेवढी राहू द्या."

तात्पर्य: नुसते हात स्वच्छ ठेवून भागत नाही. दोघांचं काम घमेंडीने एकट्याने करू नये. आणि हातून चूक झालीच, तर पोरांच्या ताटात पडण्याआधी ती आपल्या तोंडाने सांगावी.