जित्या पोराचं पान

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा कुडखोलच्या खाडीवर पूल नव्हता, आवडाय नावाच्या बाईची होडी होती. नवऱ्यामागं वल्हं तिनंच हाती घेतलं. बाई तोंडानं फटकळ, पण ऐन भरतीत अडलेली बाळंतीणसुद्धा सुखरूप पलीकडे नेणारी, असं म्हणतात.

त्याच गावात द्वारकी राहायची. तिचा एकुलता एक बाबल सोबत्यांबरोबर मासेमारीला गेला आणि वादळ उठलं. बाकीच्या होड्या परतल्या, बाबलची आली नाही. आता दर्यावर उशीर होणं काय नवं आहे? वारा पडला की येतात माणसं. सगळ्यांनी समजावलं. पण मन चिंती ते वैरी न चिंती! द्वारकीनं दक्षिणेकडं वात करून दिवा लावला आणि मेलेल्यासाठी वाढतात तसं बाबलच्या नावानं अंगणात भाताचं पान मांडलं. जित्या पोराचं पान! कावळे कौलांवर बसून राहिले, एकही खाली उतरला नाही. तरी सांजेला पान चाटूनपुसून साफ झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ती होडीवर आली. पलीकडच्या भटजींना बाबलच्या दिवसकार्याचं सांगायचं होतं. आवडायनं होडी लोटली. आत एक काटकुळी बाई, पण होडी बसली ती गावजेवणाला निघालेली माणसं चढल्यासारखी. मध्यावर तर पाणी काठावरून आत यायला लागलं. आवडायनं वळून बघितलं.

द्वारकीच्या पाठीशी कुणीतरी बसलं होतं. निथळत होतं. बाबलचंच मुंडासं, बाबलच्याच कानातली बाळी. चेहरा मात्र नव्हता, सगळं मळलेल्या पिठासारखं सपाट. तोंड तेवढं होतं आणि त्याला भाताची शितं लागलेली. आणि बघता बघता त्या पिठावर बाबलचं नाक उमटायला लागलं. आवडायनं ओळखलं. पलीकडे विधी झाला की हा पुरता बाबल होणार. मग खरा कुठून परत यायचा?

"द्वारके," ती म्हणाली, "पोर गेल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण गेला असला तर?"

होडी आणखी खाली गेली.

"माझ्या सासूनं शिकवलंय मला. घडल्यावर रडायचं, आधी रडून ठेवायचं नाही. तुझ्यावर वेळ आलीच तर मी तुझ्याबरोबर ऊर बडवीन. आज मात्र ते पान उचल. तुझ्या पाठीशी बसलंय त्याला तुझ्या तोंडानं तसं सांग."

तेवढ्यात मागून बाबलच्या आवाजात हाक आली, "आये, थंडी वाजते गो."

द्वारकीचा जीव तुटला. पदर पुढे करून ती वळायला लागली, तसं आवडायनं वल्हं सोडलं आणि तिचं मनगट धरलं. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. रडत रडतच द्वारकी बोलली, "माझा बाबल येईल तेव्हा त्याला वाढीन. तुझं पान मी उचललं."

पाणी उडालं नाही, आवाज झाला नाही. होडी तेवढी वर आली.

बाबल पुढच्या पुनवेला आला. वाळून काडी झालेला. वादळानं त्यांना कुठल्या दूरच्या बंदराला नेऊन टाकलं होतं. त्याच्या सोबत्यांनी सांगितलं, एका भर दुपारी बाबलचे नाकडोळे पुसट व्हायला लागले, हाक मारली तरी त्याला स्वतःचं नाव कळेना. मग एकाएकी दचकून उठला आणि जेवायला मागितलं. ते ऐकून द्वारकीनं आधी त्याला पोटभर वाढलं, असं म्हणतात.

पुढे पूल झाला, होडी गेली, आवडायही गेली. पण आजही कुडखोलात कुणाला परतायला उशीर झाला, की घरची बाई उंबऱ्याबाहेर केळीचं एक पान पालथं घालते. "आवडायची आण, घडल्याशिवाय वाढायची नाही," एवढं म्हणते, दार लावते आणि खुशाल झोपते. सकाळी ते पान खालून ओलं असतं, असं म्हणतात. उलटून कुणी बघत नाही.