धाकट्या टायरची हवा

गाडीचे टायर आपसात बोलत, त्या काळातली ही गोष्ट. आत पलंग आणि शेगडी असलेली एक व्हॅन समुद्रावर निघाली होती. तिला ढकलणारे मागचे दोनच टायर. त्यातला डावा, थोरला, घाटात फुटला आणि कायमचा गेला. त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ लागला.

वाळू आली तेव्हा हवेचा पंप म्हणाला, “निम्मी हवा सोडा रे. पसरट झालात तर वाळू पेलेल.”

तिघांनी सोडली. धाकटा मात्र टणक फुगून राहिला. “दादाची जागा आहे ही. मी मऊ पडणार नाही!”

दहा पावलांत त्याने गरागरा फिरून स्वतःखालीच खड्डा केला. गाडी रुतली. भरतीचं पाणी जवळ येऊ लागलं.

“विहीर खणतोस का रे?” बिळातून कुर्ली हसली.

“दादा असता तर रुतला नसता,” धाकटा पुटपुटला.

“नसताच,” पंप म्हणाला. “वाळू दिसली की तो आधी हवा सोडायचा. परत मीच भरायचो.”

धाकट्याने खालच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “कुर्लीताई, माझी व्हॉल्व्हची पिन घट्ट बसलीय, तेवढी दाबता?”

कुर्लीने नांगी लावली. घाटापासून कोंडलेली हवा बराच वेळ बाहेर येत राहिली. कोणी घाई केली नाही.

“रस्त्याला लागल्यावर भराल ना?” धाकट्याने विचारलं.

“भरीन की,” पंप म्हणाला. “आता चल, चाकं भिजतायत!”

गाडी निघाली. मागे वाळूत दोन पट्टे उमटले. डावा जरा जास्तच रुंद होता.