राऊजींचा कंप

येरळेच्या काठी चिंचणगावात श्रीविमलगिरी महाराजांचा मुक्काम होता, त्या काळातली ही गोष्ट. ओढ्यालगतच्या महादेवाच्या ओवरीत महाराज राहत. गादी नाही, मठ नाही. एक धुनी, एक कमंडलू आणि एक घोंगडी, एवढाच त्यांचा संसार.

ती ओवरी रोज सकाळी झाडायला राऊजी काशीद येत. वय सत्तरीचं. पिढीजात धंदा नाभिकाचा. पण तरुणपणी पलटणीत भरती होऊन ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईवर गेले होते. तिथे तोफेचा गोळा पडून खंदक ढासळला. गाडल्या गेलेल्या सोबत्याला काढायला राऊजींनी नुसत्या हातांनी माती उपसली. सोबती वाचला नाही, आणि राऊजींच्या उजव्या हाताला कंप जडला. उमेदीत तो आवरला, म्हातारपणी आवरेना. गिऱ्हाइकं तुटली. वस्तरे-कात्र्यांची धोकटी खुंटीला लागली.

गावचे हैबतराव इनामदार दर्शनाला येत, पण हात जोडण्यापेक्षा तोंडच अधिक चालवत. एकदा राऊजींच्या हातातला झाडू थरथरताना पाहून ते चारचौघांत म्हणाले, "बसऱ्याची भीती अजून उतरली नाही वाटतं! हे म्हणे शिपाई!"

लोक हसले. राऊजी झाडत राहिले.

महाराजांनी नंतर विचारलं, "राऊजी, उलट बोलला नाहीस?"

"भ्यालो होतोच की, महाराज. खोटं कशाला बोलू?"

त्या श्रावणात हैबतरावांच्या मानेवर करट उठलं. बघता बघता मान सुजली, ताप चढला, घोटभर पाणी गिळवेना. डॉक्टर नदीपलीकडे, आणि येरळा दुथडी भरलेली. शेवटी घरच्यांनी बाजेवर घालून त्यांना ओवरीत आणलं.

महाराजांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आत पू भरलाय. चिरा द्यायला हवा. राऊजी, धोकटी आण."

हैबतरावांचे डोळे पांढरे झाले. "महाराज, तो गळा कापेल माझा!"

राऊजींनीही हात जोडले. "मालक खरं बोलतात. या हातून एक माणूस गेलाय. मला सांगू नका."

"हात माझा म्हणतोस, म्हणून भितोस," महाराज म्हणाले. "घटकाभर तो मला दे."

गुरूची आज्ञा! राऊजींनी धोकटीतलं धारदार नस्तर उकळत्या पाण्यातून काढलं आणि मानेशी नेलं. हात हलत नव्हता. पंचविशीतल्यासारखा स्थिर होता. एकच चिरा, आणि सगळा पू बाहेर आला. हैबतरावांनी मोकळा श्वास घेतला, डोळे उघडले, आणि समोर पाहून थक्क झाले. धुनीपाशी बसलेल्या महाराजांचा उजवा हात लटलट कापत होता! हातातल्या कमंडलूतलं पाणी घोंगडीवर सांडत होतं.

राऊजींनीही ते पाहिलं. जखम बांधून ते धावले आणि त्यांनी महाराजांचा हात घट्ट धरला.

"महाराज, ही पीडा माझी. माझी मला परत द्या!"

"राहू दे की. गिऱ्हाइकं परत येतील तुझी."

"नकोत मला. तुम्हाला घास उचलता यायचा नाही."

महाराजांनी दुसरा हात राऊजींच्या खांद्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "राऊजी, तो सोबती तुझ्या हातून नाही गेला. तुझ्या हातांत गेला."

राऊजी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. इतक्या वर्षांत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडून झालं तेव्हा महाराजांचा हात शांत होता, आणि राऊजींचा पूर्वीसारखा थरथरत होता. त्यांच्या तोंडावर मात्र समाधान होतं.

ताप उतरल्यावर हैबतराव चालत ओवरीत आले. महाराजांपुढे वाकणार, तोच महाराजांनी पाय घोंगडीत ओढून घेतले.

"आधी तिकडे," ते म्हणाले.

हैबतरावांनी पटका काढला आणि साऱ्या गावादेखत राऊजींच्या पायांवर डोकं ठेवलं. राऊजी गोंधळले.

"अहो मालक, उठा! मान वाकवू नका, जखम ओली आहे अजून!"

पण हैबतराव कितीतरी वेळ उठले नाहीत.