साळूने न खणलेला कंद

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात एक वयस्क साळू राहत असे. अंगभर काटे, आखूड पाय आणि नखांत कायम माती. कोणता कंद खाण्याजोगा, कोणता घशाला खाजरा, कोणता उकरूनही तसाच सोडून द्यायचा, हे शोधण्यात तिचे आयुष्य गेले होते. प्रत्येक कंद ती स्वतः खणत असे, हुंगत असे, जिभेच्या टोकाला लावून थांबत असे. ज्यांनी तो पूर्वी खाल्ला असेल त्यांना गाठून विचारत असे. मग प्राण्यांची सभा भरली की सगळे सांगत असे. बोलताना ती फार अडखळायची, पण तिने "खा" म्हटले की प्राणी निर्धास्त खात.

एका वर्षी गवत लवकर वाळले. आता कंदांवरच दिवस काढावे लागणार, म्हणून सभेच्या प्रमुख अस्वलाने साळूला साऱ्या डोंगराची माहिती आणायला सांगितले. साळू हो म्हणाली खरी, पण परतताना तिला वाटले, पुरे झाले आता हे. नखे झिजली होती, पाठ धरली होती. अलीकडचा उतार तिने रडतखडत पुरा केला. पलीकडचा लांब होता, खडकाळ होता आणि ओढा ओलांडून चढायचा होता.

त्याच सुमारास जंगलात एक मैना येऊन राहिली होती. तिने कुठल्या कुठल्या रानांतले बोलणे ऐकले होते याला गणती नव्हती. काहीही विचारा, ऐकलेले सगळे जुळवून ती गोड, सफाईदार उत्तर देई. साळूने आधी तिला एवढेच सांगितले की मी गोळा केलेले नीट क्रमाने लावून दे. मैनेने ते असे लावले की साळूला आपलेच काम नवे वाटले. इथवर काही वावगे नव्हते. पण मग साळू तिथेच बसून राहिली. उठणे जिवावर आले होते.

"पलीकडच्या उताराचंही सांगशील?" तिने विचारले.

मैना जराही थांबली नाही. तिथे तांबूस सालीचा कंद मिळतो, तो गोड असतो आणि रानडुकरांचा म्हातारा म्होरक्या तो वर्षानुवर्षे खात आला आहे, असे तिने सांगितले. म्होरक्या हल्ली सभेला येत नसे, ओढ्याच्या चिखलात पडून असे. त्याला एकदा विचारून यावे, असे साळूच्या मनात आले. मग वाटले, इतके नेमके सांगते आहे त्या अर्थी खरेच असणार. ती बिळात शिरली आणि डोळे मिटून पडली.

सभेत साळू एकदाही अडखळली नाही. तांबूस कंदाचे तिने अगदी स्वतः खणल्यासारखे सांगितले आणि मैनेचे नाव काढले नाही. अस्वलाने मान डोलावली. ही इतके छान पूर्वी कधी बोलली नव्हती, असे कोणीतरी म्हणाले. ते ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. पण नुसते घरी जावेसे वाटले.

थोड्याच दिवसांत एक रानडुकरीण तिच्या बिळाशी आली. तिने आरडाओरडा केला नाही. पिल्लांनी तांबूस कंद खाल्ला, सगळ्यांच्या जिभा सुजल्या, सगळी ओकली आणि त्यांतले एक सकाळी उठलेच नाही, असे तिने सांगितले.

"वास बरा नव्हता, तरी तू सांगितलंस म्हणून दिला," ती म्हणाली आणि साळू काही बोलेल म्हणून उभी राहिली. शेवटी ती आली तशी निघून गेली.

साळू उठली आणि आधी म्होरक्याकडे गेली. तो म्हणाला की त्याने जन्मात कधी ओढा ओलांडलेला नाही. तिथून ती मैनेकडे आली.

"म्होरक्या तो कंद खातो, हे तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही," मैना म्हणाली. "कंदाबद्दल बोलताना तो कोणी खाल्ला हेही सांगतात, असं मी ऐकत आले. म्हणून तेही जोडून दिलं."

"मग तसं म्हणायचं होतंस."

"विचारलं असतंस तर म्हटलं असतं. मला खणता येत नाही. ते तुझं काम."

तिच्या आवाजात कपट नव्हते, पश्चात्तापही नव्हता. साळूला तिच्यावर रागावता येईना. रागवायलाही थोडे बळ लागते.

तिने अस्वलाला सभा बोलवायला लावली. आपण स्वतः काय खणले, मैनेने काय नुसते मांडून दिले आणि मैनेचे कोणते सांगणे आपण न तपासता पुढे केले, हे सगळे तिने सांगितले. मैनेला जंगलातून हाकलावे, असे कोल्हा म्हणाला.

"मैना सभेत बोललीच नाही. बोलले मी," साळू म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून गेली. थोडे चढायचे, थोडे बसायचे, असे करत तिने तांबूस कंदाची जागा शोधली. एक कंद उकरून हुंगला, तर असा उग्र वास आला की जीभ लावायचीही गरज पडली नाही. एका हुंगण्याचे काम होते. ती त्या खड्ड्यात माती लोटून उठली. मग आणखी वर गेली. तिथे खडकांच्या फटींत एक पांढरा कंद सापडला. तिने तो चाखला, वाट पाहिली, खाल्ला आणि तिथल्या वानरांना विचारून खात्री करून घेतली.

या वेळीही मांडणी तिने मैनेकडूनच करून घेतली, आणि सभेत ते आधी सांगितले. मैनेने लावलेला शब्द न् शब्द आपण पुन्हा तपासल्याचेही सांगितले. जिथे पोचता आले नाही तिथे, "इथून वरचं मला माहीत नाही," एवढेच म्हणाली.

रानडुकरीण मागे उभी होती. तिने विचारले, "हा पांढरा तू स्वतः खणलास?"

"हो. खाल्लासुद्धा."

साळूने आणलेले पांढरे कंद रानडुकरिणीने उचलले. पण घरी गेल्यावर तिने पिल्लांना ते लगेच दिले नाहीत. आधी एक स्वतः खाल्ला आणि ऊन उतरेपर्यंत थांबली. भुकेली पिल्ले तिच्या पोटाशी ढुशा देत राहिली. साळू पलीकडच्या उताराकडे निघाली होती, तिला वाटेवरून हे दिसले. तिने हाक मारली नाही. वरचा भाग अजून खणायचा राहिला होता, ती हळूहळू चालू लागली.

तात्पर्य : अभ्यासात आणि लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत जरूर घ्यावी, पण ती घेतली हे लपवू नये आणि तिने सांगितलेले स्वतः तपासल्याशिवाय आपल्या नावाने पुढे करू नये, कारण चूक कोणाचीही असो, जबाबदारी सांगणाऱ्याची असते.