समुद्रात उतरायचं सामान

"...पण रेग्युलेटर जुना घेतला तर चालेल ना, मास्तर?"

तारी मास्तर खाली मान घालून टबात मास्क धूत होते.

धैर्यशील खराड्यांना वाटलं, म्हाताऱ्याला शब्द कळला नसावा. त्यांनी समजावून सांगितलं, "म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणतो ना, तो."

मास्तरांनी मान वर केली. ते बावीस वर्षं नौदलात पाणबुडे होते. जहाजांच्या पंख्यांत अडकलेली जाळी कापायला त्यांनाच खाली पाठवत. आता देवबागच्या किनाऱ्यावर, माडांमधल्या एका मांगरात, म्हणजे कौलारू खोपट्यात, ते बाहेरगावच्या लोकांना बुडी मारायला शिकवत. पाण्याखाली बोलता येत नाही. ती सवय त्यांना वरही लागली होती.

"हां," मास्तर म्हणाले. "नाव ऐकलंय."

बाजूच्या बाकावर बसलेल्या पद्मजा खराड्यांनी खोकला काढून हसू लपवलं.

खराडे कागलजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. कारखान्यात तीन खराडे होते. त्यातले कोणते, असं कुणी विचारलं की माणसं दोन्ही हातांनी ओठांवर पीळ देऊन दाखवत. मग नाव सांगावं लागत नसे.

गेल्या दिवाळीत कारखान्यातले नऊ जण इथे सहलीला आले होते. आठ जणांनी वाटाड्याचा हात धरून दहा-दहा मिनिटं मासे बघितले. खराडे दुसऱ्याच मिनिटाला खोकत वर आले. मास्कमध्ये पाणी, नाकात पाणी, डोळ्यांत पाणी.

परतीच्या बसमध्ये कुणीतरी त्यांना 'दोन मिनिटं' म्हटलं. कागल आलं तेव्हा ते नाव बसमध्येच राहिलं नाही. उतरून कारखान्यात आलं.

"दोन मिनिटं आले का?"

"आले. प्रयोगशाळेत आहेत."

खराड्यांनी निष्कर्ष काढला की भाड्याचं सामान भिकार होतं. स्वतःचं हवं. मग त्यांनी सहा महिने अभ्यास केला. दोनशे पानांची वही भरली. कुठला मास्क, कुठली टाकी, कुठली फिन्स, सगळे तक्ते. चाळीस हजार बाजूला काढले. पद्मजाताईंनी होकार दिला तो दोन अटींवर. चाळीसच्या वर एक रुपया नाही. आणि मी बरोबर येणार.

आता गोव्याचा एक माणूस आपलं सगळं सामान अडतीस हजारांत विकत होता. अकरा वाजता तो मालवणला भेटणार होता. साडेआठ झाले होते.

"शिकायला कधी येतलास?" मास्तरांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी. आधी सामान तर पाहिजे की. तुम्ही फक्त एकदा बघा आणि बरोबर आहे म्हणा."

खराड्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. मास्तरांनी हात पुसले. टाकीचा फोटो मोठा केला.

"ह्यो आकडो वाचा."

खराड्यांनी वाचला. "हे काय आहे?"

"टाकी तपासल्याची तारीख."

बारा वर्षांपूर्वीची होती.

"मग... चालणार नाही?"

"चालात," मास्तर म्हणाले. "फुटना नाय तवसर."

पद्मजाताईंनी बाक थोडा मागे सरकवला, जणू टाकी फोटोतच फुटेल.

"बरं, टाकी नको," खराडे म्हणाले. "रेग्युलेटर बघा. कसा चकाचक आहे."

"आतलो रबर?"

"आतलं कसं दिसणार? बाहेरून बघा ना."

"हवा आतसून येता, सायबानू."

...

मास्तर पुढच्या फोटोवर गेले. "आणि ह्यो सुरो कित्या?"

"संरक्षणासाठी."

"कोणापासून?"

खराड्यांनी वही चाळली. शार्कवर सहा पानं होती. समोर समुद्र अगदी शांत होता आणि एक कुत्रा त्यात उभा राहून पाणी पिण्याचा प्रयत्न करत होता.

"म्हणजे... माशांपासून," ते म्हणाले.

"बाजारातनं मासा आणला तर तो साफ मीच करते," पद्मजाताई म्हणाल्या. "ह्यांना वास सहन होत नाही."

"तू गप्प बस जरा." खराड्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी वही मास्तरांपुढे ठेवली, वर पेन ठेवलं. "तुम्हीच सांगा मग. चाळीस हजारांत काय घेऊ? स्पष्ट लिहून द्या."

मास्तरांनी पेन उचललं नाही. वही मिटली. टबातला एक ओला मास्क काढून तिच्यावर ठेवला.

"एवढोच."

"फक्त मास्क?"

"टाकी माझी. जाकीट माझां. रेग्युलेटर माझो, आतलो रबर औंदा बदललंय." मास्तरांनी खराड्यांच्या चेहऱ्याकडे बोट केलं. "तोंड तुमचां. मास्क तुमचो."

"आणि फिन्स?"

"पायांचा मगे बघू."

वहीवर पाणी ठिबकत होतं. खराड्यांनी ती खालून ओढून घेतली आणि शर्टाला पुसली. सहा महिने... आणि एक मास्क.

"असं कसं, मास्तर? भाड्याच्या सामानानंच तर माझी अब्रू गेली."

मास्तर उठले. आतून एक मोठी स्टीलची बादली आणली, विहिरीच्या पाण्यानं भरून खराड्यांच्या समोर ठेवली.

"मास्क घाला. तोंड बुडवा."

खराड्यांनी मास्क चढवला, मागे पट्टा करकचून आवळला आणि वाकून तोंड बादलीत घातलं.

चार मोजायच्या आत वर आले. मास्क अर्धा भरला होता.

"बघितलंत? हाच तो प्रकार!" ते नाक शिंकरत म्हणाले. "दुसरा द्या."

दुसरा दिला. तोही भरला.

"तुमच्याकडे सगळ्यांत भारी कुठला आहे?"

मास्तरांनी कपाटातून पेटीतला मास्क काढून दिला. त्याची किंमत ऐकून पद्मजाताईंनी कपाळावर हात मारला. खराड्यांनी वाकून तोंड बुडवलं.

भारी मास्क सगळ्यांत आधी भरला.

खराडे बादलीच्या काठाला धरून उभे राहिले. नाकातून, हनुवटीवरून पाणी टपकत होतं. मास्तरांनी पहिला मास्क उचलला आणि पद्मजाताईंपुढे धरला.

"ताई, पट्टो नको. नुसतो तोंडार धरा. नाकान वडा."

पद्मजाताईंनी नाकानं श्वास ओढला. मास्तरांनी हात काढून घेतला. मास्क चेहऱ्यावर तसाच राहिला. त्यांनी मान हलवली. राहिला. खाली वाकल्या. राहिला.

मग कुणी न सांगता त्यांनी तोंड बादलीत घातलं.

खराडे मनात मोजत होते. दहा... पंधरा... वीस... त्यांनी घाबरून बायकोच्या खांद्याला हात लावला.

पद्मजाताई वर आल्या. डोळे कोरडे, चेहरा उजळलेला. "अहो, तळाला नाव कोरलंय! रुक्मिणी विठोबा तारी!"

"बायल माझी," मास्तर म्हणाले.

खराड्यांना ते ऐकू आलं नाही. "मग माझ्याच तोंडाला काय झालंय?"

...

मास्तर त्यांच्या वरच्या ओठाकडे बघत राहिले. पद्मजाताईंनीही तिथेच बघितलं, आणि पटकन नजर समुद्राकडे वळवली.

खराड्यांचा हात सावकाश मिशीवर गेला.

"नाही," ते म्हणाले.

मास्तरांनी भारी मास्क पुसून पेटीत ठेवला.

"मास्तर, ही साधी मिशी नाही. आमच्या आजोबांपासूनची आहे."

"मगे आजोबांका धाडा."

"ते वारले."

"मगे तुमकाच जावचा लागात."

खराड्यांनी वही उघडली. मास्क या विषयावर अकरा पानं होती. काच, सिलिकॉन, आकार, रंग. मिशीबद्दल एक ओळ नव्हती. त्यांनी वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. शार्क होते, देवमासे होते, पाण्यातली वीज होती...

"मिशीवाल्यांसाठी वेगळा मास्क येत असेल की एखादा. परदेशी? जास्तीचे पैसे घालून?"

"नाय."

तेवढ्यात फोन वाजला. गोव्याचा माणूस होता. त्याचा आवाज मांगरभर ऐकू आला.

"साहेब, सावंतवाडी सोडली. पैसे रोख आणलेत ना?"

खराडे फोन कानाशी धरून उभे राहिले. हो म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळं सामान त्यांचं होतं. सोमवारी कारखान्यात फोटो दाखवता आले असते. टाकी, रेग्युलेटर, सुरा. 'दोन मिनिटं' म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नसतं.

पद्मजाताई त्यांच्याकडे बघत होत्या.

"एक विचारू?" खराडे फोनवर म्हणाले. "त्या रेग्युलेटरच्या आतलं रबर शेवटचं कधी बदललंय?"

पलीकडे गाडी कचकन थांबल्याचा आवाज आला.

"त्यात रबर असतंय होय?"

"...तुम्ही सावंतवाडीतनंच मागे फिरा," खराडे म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते पायरीवर बसले. कुत्र्यानं खारट पाण्याचा नाद सोडला होता आणि तो बादलीतलं पाणी पीत होता. कुणी त्याला हाकललं नाही.

अचानक खराडे उठले. एखाद्या लढाईला निघावं तशी त्यांनी छाती पुढे काढली.

"मास्तर! वस्तरा आहे?"

मास्तरांनी काही बोलायला तोंड उघडलं. खराड्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं... आणि मिटलं. आत जाऊन वस्तऱ्यात नवीन पातं घालून आणलं, साबण आणला, आरसा आणला. खराडे ते सगळं घेऊन विहिरीमागे गेले.

परत यायला पाव तास लागला. आले ते हाताने तोंड झाकून.

"हात काढा की," पद्मजाताई म्हणाल्या.

"हसणार नाहीस?"

"हसणार. काढा."

त्यांनी हात काढला.

पद्मजाताई हसल्या नाहीत. जवळ आल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हा ओठ त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हा तर आपल्या रेवाचा ओठ. मी आजवर समजत होते, पोरगी माझ्या भावावर गेलीय."

खराड्यांनी त्या ओठाला बोट लावून बघितलं, दुसऱ्याचा असल्यासारखं.

मास्तरांनी मास्क पुढे केला. पट्टा न लावता खराड्यांनी नाकानं श्वास ओढला. मास्क चिकटला. बादलीची गरज पडली नाही. मास्तर आधीच किनाऱ्याकडे चालायला लागले होते.

छातीएवढ्या पाण्यात मास्तरांनी त्यांच्या तोंडात स्नॉर्कलची नळी दिली. खांद्यावर हात ठेवून हलकेच खाली दाबलं.

खराड्यांचा चेहरा पाण्याखाली गेला.

पद्मजाताई वाळूत उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. एक मिनिट गेलं. दोन... दुसऱ्या मिनिटाला त्यांनी श्वास रोखला. तिसरं गेलं. खराड्यांची पाठ पाण्यावर तरंगत होती, नळीतून श्वासाचा आवाज येत होता. पाच गेली. आठ. एकदा त्यांनी हात लांब करून तळाकडे काहीतरी दाखवलं, पण बघायला तिथे मास्तरांशिवाय कुणी नव्हतं.

अकराव्या मिनिटाला ते वर आले.

"पाणी आलं नाही," ते म्हणाले. "एक थेंब नाही. मास्तर, तिथे एक खेकडा होता. एवढासा. पाय वर करून माझ्याशी भांडत होता. मी हललोच नाही... पद्मा! अगं, ये की आत! तुलाही बसतो ना मास्क!"

पद्मजाताई चपला काढत होत्या.

त्यांच्यासाठी मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा मास्क उतरवला आणि ते तो पाण्यात खंगाळायला लागले. खराडे वीतभर अंतरावर होते. मास्तरांच्या ओठावरून पाणी निथळत होतं.

खराड्यांनी बघितलं, आणि बघतच राहिले.

मास्तरांना मिशी होती. पांढरी, जाड, दोन्ही टोकांना वळलेली. सकाळपासून ती तिथेच होती. फक्त नाकाच्या बरोबर खाली, मिशीच्या वरच्या काठाला, बोटभरसुद्धा नाही, गव्हाच्या काडीएवढी एक रेघ साफ काढलेली होती.

"मास्तर," खराड्यांचा आवाज बारीक झाला. "...तुम्हाला मिशी आहे."

"असा."

"आणि ती रेघ... एवढीच काढली तरी मास्क बसतो?"

"बसता."

खराड्यांचा हात आपल्या गुळगुळीत ओठाकडे गेला. तिथे थांबला. विहिरीमागे आजोबांपासूनची मिशी साबणाच्या फेसात पडली होती.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

मास्तरांनी मास्कमधलं पाणी झटकलं. पद्मजाताई लाटेतून चालत त्यांच्यापाशी पोचल्या होत्या. त्यांच्या हातात मास्क देत मास्तर म्हणाले,

"तुमी वस्तरो मागलास, सायबानू. किती काढू, तां इचारूक नाय."